आयोगाचंच कार्ड आयोगाला चालेना

बिहारच्या मतदार याद्यांचा विषय निघाला की लोक लगेच घुसखोर, बोगस मतदान यावर घसरतात आणि मूळ प्रश्न राहूनच जातो. यादीत आधीपासून नाव असलेल्या माणसाने स्वतःला परत सिद्ध का करायचं?

२४ जून २०२५ ला निवडणूक आयोगाने तिथे एसआयआर, म्हणजे मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी जाहीर केली, ७.८९ कोटी मतदार आणि फॉर्म भरायला महिनाभर, तोही ऐन पावसाळ्यात, त्यात कितीतरी माणसं पोटासाठी दिल्ली-पंजाबात नाहीतर आपल्या मुंबईत. २००३ च्या यादीत नाव असेल तर तिचा उतारा पुरे, नसेल तर ११ पैकी एक कागद द्या. पासपोर्ट, जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट, जातीचा दाखला वगैरे. त्यात आधार नाही, रेशन कार्ड नाही आणि कहर म्हणजे आयोगाने स्वतः फोटो लावून दिलेलं मतदार कार्डही नाही! जी बाई घरीच जन्मली, शाळेत गेलीच नाही, नावावर जमीन नाही, तिने काय आणून द्यायचं?

१ ऑगस्टच्या मसुदा यादीतून ६५ लाख नावं गेली. आयोग म्हणाला साधारण २२ लाख मयत, ३६ लाख स्थलांतरित किंवा सापडले नाहीत, ७ लाख दुबार. मयतांची नावं काढायलाच हवीत, त्यात वादच नाही, पण कुणाचं नाव कशामुळे काढलं ते जाहीर करायला आयोग तयार नव्हता, कायद्यात तसं बंधन नाही म्हणे. मग याविरुद्ध कोर्टात गेलेले राजकीय कार्यकर्ते योगेंद्र यादव यांनी यादीत मयत ठरवलेली दोन माणसं थेट सुप्रीम कोर्टात उभी केली. १४ ऑगस्टला न्या. सूर्यकांत आणि न्या. जॉयमाल्य बागची यांनी सांगितलं की सगळी ६५ लाख नावं कारणांसकट वेबसाइटवर टाका. आधार बारावा कागद म्हणून धरा हा आदेश आला ८ सप्टेंबरला, तोही फक्त ओळखीचा पुरावा म्हणून, आणि तोवर फॉर्मची मुदत संपून दीड महिना झाला होता.

मला राग याचा येतो की हे सगळं १९९५ मध्येच ठरलेलं आहे. लाल बाबू हुसेन केस, मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांची. नागरिकत्व सिद्ध करा म्हणून त्यांना नोटिसा गेल्या होत्या, सुप्रीम कोर्टाने ती कारवाई रद्द केली आणि सांगितलं की आधी यादीत नाव आहे म्हणजे तेव्हा तपासूनच घातलं असणार असं धरून चाला, शंका असेल तर ती कशावरून ते त्या माणसाला कळवा, त्याचं म्हणणं ऐका. एवढं स्पष्ट असताना परत गरिबालाच रांगेत का उभं केलं?

पुढे ४ नोव्हेंबरपासून गोव्यासकट १२ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत एसआयआर सुरू झालं तेव्हा फॉर्मसोबत कागद मागितलेच नाहीत, जुन्या यादीशी जुळलं नाही तरच नंतर मागायचे असं ठरलं. मग बिहारमध्ये पहिल्याच दिवशी हे करायला काय हरकत होती?