धुऱ्यावरची चित्रवही

निसर्गाच्या चित्रवहीसाठी जंगल गाठायची गरज नाही. ताडोबाला वर्षातून एखादी चक्कर होईल. वावराचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, मात्र बाराही महिने समोर असतो, आणि ऋतू कळतो तो तीच फांदी पुन्हा पुन्हा बघून. एक पळस, एक साग, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, एक ओळ आणि नाल्याकडची ओली बाजू, एवढं वर्षाला पुरून उरतं.

वही ए-५ आकाराची, कागद २०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) किंवा त्याहून जाड. पातळ कागद जलरंगानं फुगतो आणि मागच्या पानावर डाग उतरतात. एचबी पेन्सिल, पट्टी, ६ नंबरचा गोल ब्रश आणि पाच-सहा रंगांच्या वड्या. साधं जेल पेन नको. ओला ब्रश फिरला की शाई पसरते. चित्राआधी तारीख, वेळ, जागा आणि आभाळ कसं आहे ते लिहा. शेजारी नक्षत्रही टाका. गावात ‘मृगात पेरलं’, ‘हस्तात झोडपलं’ असंच बोललं जातं. जुन्या माणसांच्या आठवणी मग वहीशी ताडून बघता येतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस. फुलाला पाच पाकळ्या: मागे एक रुंद, बाजूला दोन, आणि खालच्या दोन जुळून चोचीसारख्या वळलेल्या. आधी पिवळा हात द्या, तो ओला असतानाच टोकाकडून लाल सोडा. वाळल्यावर लाल दिला तर कडा उमटते. फुलाच्या बुडाचा मखमली कोश काळ्या रंगानं मेल्यासारखा दिसतो. निळा आणि तपकिरी मिसळून करा. पुढे पानं आली की मधलं पान दोन्ही बाजूंनी सारखं आणि कडेची दोन तिरकी असतात, तिथेच बहुतेक चित्रं चुकतात. सागाचं पान वहीत मावत नाही. ते मोजून पाव आकारात काढा आणि कोपऱ्यात ‘¼’ लिहा.

मे महिन्यात रंग पसरायच्या आत वाळतो. सकाळी आठच्या आत काम उरका, आणि एका वेळी रुपयाएवढाच भाग पाण्यानं भिजवून रंगवा. पावसाळ्यात उलटं होतं. रंग तासन्‌तास ओला राहतो आणि वही मिटली की पानं चिकटतात. तेव्हा वावरात फक्त पेन्सिल, रंगांच्या खुणा शब्दांत, आणि रंगकाम घरी. ताजी फुलंपानं वहीत दाबू नका, बुरशी लागते. मोहाचं फूल तर रसाळ, ते सडतंच. मृगाचा लाल मखमली किडा काढताना पाय मोजा. मोठ्या किड्याला आठ असतात, कारण तो कोळ्याच्या नात्यातला.

माझ्या मते सगळ्यात शिकवणारं पान पऱ्हाटीचं. पाती, म्हणजे फुलाची कळी, दिसली की तिच्या देठाला सैल दोरा बांधा, घट्ट बांधला तर पाती गळू शकते. पान सहा चौकटींत आखा: पाती, पहिल्या दिवसाचं फूल, दुसऱ्या दिवसाचं, सुकलेलं, हिरवं बोंड, फुटलेलं बोंड. आपल्याकडच्या संकरित कपाशीचं फूल उमलतं तेव्हा फिकट पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, म्हणून या दोन चौकटी लागोपाठच्या दिवशी, त्याच फुलावरून भरायच्या. दुसरं फूल घेतलं तर वय कळत नाही. फुलापासून बोंड फुटेपर्यंत साधारण ४५ ते ६० दिवस जातात. तोवर दर आठवड्याला बोंडाची जाडी मोजून कडेला लिहा. बोंड फुटलं की आत किती कप्पे आहेत ते मोजा, बहुधा चार किंवा पाच. कापसाला पांढरा रंग लावू नका. कागद कोरा ठेवा आणि दोन कप्प्यांमधल्या खाचेत तेवढी पातळ निळसर राखाडी सावली द्या.