फर्ग्युसन टीईए-२०: आधी वायरिंग, मग टायमिंग

पुण्याजवळच्या वडकीतल्या शेडमधल्या आमच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचे इंजिन थंड असताना चटकन सुरू होत असे. मात्र वीसेक मिनिटांत ते तापले आणि ट्रॉली घेऊन दिवे घाटाच्या चढाला लागले, की मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून इंजिन अडखळणे, सुरू होई. कार्ब्युरेटर स्वच्छ केला, प्लग बदलले आणि शेवटी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना क्रमाने ठिणगी वाटणारा भाग, अंदाजाने फिरवून टायमिंग पुढे घेतले, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असे केले, तर इंजिनाने ते सुरू करण्याचे हँडल उलटे फेकले. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरण्याची सवय असल्यामुळे हात वाचला. वायरिंगची तपासणी पुरी होईपर्यंत डिस्ट्रिब्युटरला हात लावायचा नाही, असे त्याच दिवशी ठरवले.

इग्निशन चालू ठेवून आणि पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडमीट करणारे संपर्क) मिटलेले असताना, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून प्रवाह वाहत असताना, व्होल्टेज मोजले. पॉइंट उघडे असले की प्रवाहच नसतो, त्यामुळे खराब जोडाच्या पुढेही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो; माझी आधीची तपासणी याच कारणाने वाया गेली होती. या वेळी बॅटरीवर १२.३ व्होल्ट आणि कॉइलच्या स्विचकडील टर्मिनलवर ९.६ व्होल्ट मिळाले. वाटेत हरवलेल्या २.७ व्होल्टपैकी अँमीटरवर ०.२, पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या एका जोडावर ०.६ आणि एकट्या इग्निशन स्विचवर १.९ व्होल्ट जात होते. स्विच उघडला तेव्हा आतली पितळी पट्टी काळी पडलेली होती आणि तिच्या टोकाला खड्डा पडला होता. पुण्याच्या तापकीर गल्लीतून नवा स्विच व जाड वायर आणली, पीळ काढून लग, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे जोड, दाबून बसवले, आणि एकूण घट ०.३ व्होल्टवर आली. इंजिन गरम असतानाही आता पहिल्याच प्रयत्नात सुरू होऊ लागले. चढावरचे मिसिंग मात्र पूर्ण गेले नाही.

त्याचे कारण कॉइलवर सापडले. या ट्रॅक्टरला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक चॅसीला जोडलेले असते. मागे बदललेल्या कॉइलवर धन-ऋण खुणा आहेत, आणि ती बसवणाऱ्याने हल्लीच्या गाड्यांच्या सवयीने धन टर्मिनल स्विचला जोडले होते. पॉझिटिव्ह अर्थमध्ये ऋण टर्मिनल स्विचला आणि धन टर्मिनल डिस्ट्रिब्युटरला जावे लागते. उलट जोडणीतही ठिणगी पडते, म्हणूनच चूक लक्षात येत नाही; परंतु प्लगचे मधले तापलेले टोक ऋण असताना ठिणगी कमी व्होल्टेजवर उडी मारते, आणि ते धन झाले की कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. भार वाढला की नेमका तिथे कस लागतो. दोन वायरींची अदलाबदल केल्यावर मिसिंग जवळजवळ थांबले. एका वेळी एकच बदल केला, म्हणून कोणत्या दुरुस्तीने काय सुधारले हे खात्रीने सांगता येते.

टायमिंग त्यानंतर घेतले. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही सरकते. फट वाढली तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. म्हणून आधी फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, फट ०.०१२ इंच, म्हणजे साधारण ०.३० मिमी ठेवली. चारही प्लग काढून पुतण्याला हँडलवर उभे केले आणि पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवला. आतून हवेचा दाब आला तेव्हा कॉम्प्रेशनचा फेरा ओळखला आणि फ्लायव्हीलवरची खूण जुळवली. गिअरचा खेळ मध्ये येऊ नये म्हणून खुणेकडे नेहमी फिरण्याच्या दिशेनेच यावे. पुढे गेल्यास बरेच मागे जाऊन पुन्हा यावे. टेस्ट लॅम्प कॉइलचे डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनल आणि चॅसी यांच्यामध्ये लावला. पॉइंट मिटलेले असताना तो विझलेला असतो आणि उघडताक्षणी लागतो. डिस्ट्रिब्युटर केसभर सरकवत असताना पुतण्या म्हणाला, “काका, लागला!” आणि तिथेच क्लॅम्प आवळला. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तिथला एक अंश क्रँकवर दोन अंश होतो. अंदाजाने फिरवणे महागात पडते ते यामुळे. शेवटी प्लगच्या वायरी १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरने, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने, पुन्हा तपासून लावल्या.

रविवारी रिकामी ट्रॉली लावून घाटाची पहिली वळणे चढवली; इंजिन एकदाही अडखळले नाही. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट मात्र बोटाने आडवा हलवला तर किंचित हलतो आणि त्याबरोबर पॉइंटची फटही बदलते. शाफ्टला आधार देणारे बुश झिजले आहे. ते लेथवर नवे करून घेईन आणि त्यानंतर भरलेल्या ट्रॉलीसह याच चढावर पुन्हा चाचणी घेईन.