चैत्रातल्या नोंदी

सोमवार

उन्हाळ्यात पुण्यातली सकाळ वाया घालवू नये. साडेनऊला डांबर तापायला लागतं आणि मग दिवे लागेपर्यंत घराबाहेर पडणं नको होतं. म्हणून हल्ली सहाला गॅलरीत असते. समोरच्या पिंपळाला नवी पालवी आली आहे. तांबूस, लुसलुशीत, कोवळ्या उन्हात प्रत्येक पानाच्या शिरा दिसतात. कुठल्या तरी फांदीवर तांबट बसलेला होता. दिसला नाही, पण टुक टुक टुक चालूच. खाली दुधाचे क्रेट उतरत होते, पेपरवाल्या मुलाने सायकलवरूनच दुसऱ्या मजल्यावर पेपर भिरकावला आणि तो नेमका दारात पडला. त्याचं त्यालाच इतकं बरं वाटलं की वर बघून हसला. मीही हसले.

रोज रात्री झोपण्याआधी दिवसातलं सुखाचं काय ते लिहायचं, हे दिवाळीपासून चाललं आहे. नियम एकच, त्याच रात्री लिहायचं. उद्यावर टाकलं की 'सकाळ छान गेली' एवढंच उरतं. तो मुलगा हसला होता हे निसटून जातं.

मंगळवार

तळमजल्यावरच्या आजी चैत्रगौर बसली की रोज दाराशी चैत्रांगण काढतात. वय ऐंशीच्या पुढे. खाली बसवत नाही, म्हणून सून एक बुटकं स्टूल आणून देते आणि आजी त्यावर बसून वाकून काढतात. आज ऑफिसला निघताना पाच मिनिटं थांबले. चिमटीतून रांगोळी सुटते ती एकसारखी, कुठे जाड होत नाही, कुठे तुटत नाही. आधी मधोमध मखर आणि त्यात झोपाळ्यावर गौर. मग सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, पालखी. अगदी शेवटी फणी, करंडा आणि आरसा.

मी विचारलं, "आजी, आधी हत्ती की आधी पालखी, असं काही ठरलेलं असतं का हो?"

"छे गं. आठवेल तसं काढायचं. फक्त गौर आधी बसवायची. ती आली की बाकीचे येतातच."

जागा म्हणजे काय, जिन्याची पहिली पायरी आणि लिफ्टचं दार यांच्यामधला चिंचोळा पट्टा. दिवसभर तिथून कुरियरवाले जातात, जेवणाची पार्सलं घेऊन आलेली पोरं जातात, पाण्याचे जार जातात, शाळेतून सुटलेली मुलं धावत जातात. संध्याकाळी परत आले तेव्हा मुद्दाम वाकून बघितलं. नागाच्या शेपटीचं टोक तेवढं पुसलं होतं. बाकी सगळं जागच्या जागी, हत्तीची सोंडसुद्धा. म्हणजे डोक्यावर हेल्मेट, कानाला फोन, हातात ओझं असलेल्या इतक्या सगळ्या घाईतल्या माणसांनी पाऊल टाकताना खाली बघितलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना चैत्रांगण म्हणजे काय तेही माहीत नसेल. कुणीतरी मन लावून काढलंय, एवढं त्यांना कळलं. माझा सगळा दिवस त्या एका गोष्टीने भरून पावला.

बुधवार

रुबी हॉलच्या बाजूला काम होतं म्हणून मेट्रोने गेले. मंडईहून बसायचं आणि सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. ते स्टेशन जमिनीखाली 33 मीटर खोल आहे, आणि तरी छत असं बांधलंय की ऊन थेट खाली फलाटापर्यंत पोचतं. दुपारची वेळ होती. सरकत्या जिन्यावर माझ्या पुढे एक आजोबा नातवाचा हात धरून उभे होते. नातू म्हणाला, "आबा, इथे दिवा कुणी लावलाय?" आबांनी वर बोट दाखवलं, "सूर्याने." मग दोघेही मान वर करून बघत राहिले. मागच्या कुणीही 'चला चला' केलं नाही.

गुरुवार

मार्चअखेरची कामं अजून निस्तरते आहे. मान वर करायला फुरसत झाली नाही. घरी आल्यावर माठातलं पाणी. काल वाळ्याची जुडी टाकली होती. दोन तांबे प्यायले. बस, आज इतकंच, आणि ते पुष्कळ होतं.

शुक्रवार

ऑफिसातून थेट मंडईत. घराजवळ भाजी मिळते, ॲपवरही मिळते, तरी आठवड्यातून एकदा मंडईत गेल्याशिवाय मला करमत नाही. 1886 साली उघडलेली ही इमारत, मधोमध उंच अष्टकोनी मनोरा. नगरपालिकेत सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता. गोरगरिबांच्या शिक्षणावर पैसा खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने याच मंडईला फुल्यांचं नाव दिलं गेलं. मला ते नाव फार आवडतं. खर्च योग्य की अयोग्य यावर या शहरात एकेकाळी एवढ्या तळमळीने भांडणारा माणूस होता, याची आठवण भाजी घेताना होते.

आज कैऱ्यांचा दिवस होता. सगळीकडे हिरवे ढीग आणि तो आंबूस वास. मी घेते त्या मावशींनी न सांगता एक कैरी नखाने टोकरून नाकाशी धरली. "डाळीला ना? मग ही नको, ही गोडाकडं झुकलीय. ही घ्या." आंबट निवडून चार दिल्या. वर कढीपत्त्याची काडी पिशवीत सारली, विचारलंसुद्धा नाही. माझ्या डाळीला काय लागतं याचा विचार त्या बाईंनी माझ्याआधी केला. असं कुणी आपल्यासाठी बारीक लक्ष घालतं तेव्हा शहर परकं वाटत नाही.

बाहेर मोगऱ्याचे गजरे. विणणारी पोरगी पंधरा-सोळाची असेल. मांडीवर ओल्या फडक्यात कळ्या. दोन कळ्या एका बाजूला, दोन उलट बाजूला, दोऱ्याचा वेढा, गाठ, पुढे सरक. बोटांकडे बघतही नव्हती, शेजारणीशी गप्पा चालल्या होत्या. गजरा घेतला तेव्हा कळ्या घट्ट मिटलेल्या होत्या. आत्ता हे लिहिते आहे तर उशाशी ठेवलेल्या वाटीत निम्म्याअधिक उमलल्या आहेत.

शनिवार

दुपारी माळा आवरताना आईच्या जमाखर्चाच्या वह्या सापडल्या. लाल कापडी बांधणीच्या, लांबट. ती गेल्यावर मीच वर ठेवून दिल्या होत्या. 1974 चं एप्रिलचं पान वाचत बसले. रॉकेल, साबण, तूरडाळ, फी, चपलेचा अंगठा. आणि मध्येच एका ओळीत, 'रस, चौघांचा.' पानाच्या तळाशी शेजाऱ्यांकडून उसने घेतल्याची नोंद आहे. म्हणजे महिना ओढाताणीचा होता. त्या महिन्यातही आम्ही चौघं रस प्यायलो, आणि तिने तो साबण आणि रॉकेलच्या रांगेत मानाने लिहिला. तिच्याकडे तेवढी एकच वही होती, त्यामुळे सुखसुद्धा तिला खर्चाच्या बाजूला मांडावं लागलं. मी वेगळी वही घेतली आहे खरी, पण सवय तिचीच.

मग संध्याकाळी पाय आपोआप रसवंतीकडे वळले. बोर्डावर कानिफनाथ. पुण्यामुंबईत कितीतरी रसवंत्यांना हेच नाव असतं किंवा नवनाथ. पुरंदर तालुक्यातल्या बोपगावच्या माणसांनी हा धंदा शहरांत आणला, आणि त्यांच्या गावाशेजारच्या डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे. घरापासून लांब राहून उन्हात उभं राहायचं तर देवाचं नाव डोक्यावर हवंच. पूर्वी लाकडी चरक बैल ओढायचे, त्यांच्या गळ्यातले घुंगरू वाजायचे. आता यंत्र विजेवर चालतं, पण चाकाला घुंगरू बांधलेलेच आहेत. तो आवाज दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येतो आणि तहान नसलेल्यालाही तहान लागते.

दादांनी दोन ऊस घातले, मग चिपाडं दुमडून मध्ये आल्याचा तुकडा आणि अर्धं लिंबू ठेवून पुन्हा घातली. हिरवट फेसाळ रस गाळणीतून खाली. "बर्फ कमी," म्हटलं तर हसून म्हणाले, "मग ताई, ग्लास भरून देतो." एक प्यायले, आणि आईसाठी म्हणून अजून एक अर्धा.

रविवार

पहाटे वेताळ टेकडीवर. गिरिपुष्पाची झाडं निष्पर्ण, गवत वाळून सोनेरी झालेलं, वारा मात्र गार. मे सरता सरता नवरंग येईल, त्याची शीळ ऐकायला तेव्हा यायचंच आहे. आज मोरांचा केका ऐकला, दिसला एकही नाही.

दिसली ती माणसं. पाठीवरच्या सॅकमध्ये पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढणारी. कुणी पावसाळ्यात लावलेल्या रोपाला पाणी घालतं, कुणी पक्ष्यांसाठी ठेवलेली मातीची पसरट भांडी भरतं. एक गृहस्थ वडाच्या लहानशा रोपाभोवतीचं आळं हाताने नीट करत होते. मी थांबले तर म्हणाले, "हा तिसरा उन्हाळा. हा काढला की मग त्याला कुणाची गरज नाही." माझ्याकडची बाटली त्यांना दिली. त्यांनी ती सावकाश, मुळाशी, थेंब न सांडता ओतली.

दुपारी लेकीचा बेंगळुरूहून फोन आला. आठवड्याच्या नोंदी तिला वाचून दाखवल्या. कैरीपाशी तिने मला थांबवलं, "आई, डाळ कधी करणार आहेस? मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघू का?" म्हटलं, नीघच.

तेव्हा हळदीकुंकू शनिवारीच. आजींना सकाळी सांगून आले, तुमच्या गौरीचं चैत्रांगण आमच्याही दारात काढून द्याल का म्हणून. म्हणाल्या, "मी सांगते, लेकीला काढू दे." हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, ओटीसाठी भिजवायला हरभरे, पन्ह्याला गूळ आणि वेलची, एक कलिंगड. कैऱ्या शुक्रवारी पुन्हा मावशींकडूनच.