भिगवणच्या होडीत सापडलेला फोकस

आज सकाळी भिगवणला होडीतून रोहित पक्ष्यांचे फोटो काढताना मधेच एक फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिला, तेव्हा पक्षी धूसर आणि पुढची गवताची पाती मात्र लख्ख दिसली. फोकसबिंदू निवडण्याचे काम मी कॅमेऱ्यावर सोपवले होते आणि त्याने इमानेइतबारे सर्वांत जवळची वस्तू धरली होती. शिवाय ३०० मिलिमीटरच्या लेन्सला शटरचा वेग निदान १/५०० सेकंद हवा असताना, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवला तर फोटो रवाळ होईल या भीतीने मी १/८० वर अडून बसलो होतो. होडी तर डुलतच होती. नावाडीदादांनी (न सांगता!) वल्हे थांबवले. आयएसओ १६०० करून शटरचा वेग वाढवला आणि मधला एकच बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर धरला, तेव्हा कुठे चोचीवरून ओघळणारा थेंबही स्पष्ट उमटला.