17 नंबरचा फॉर्म

धारूर तालुक्यातलं आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. सातवीपर्यंत मी आजीजवळ राहून शिकले. आजी गेली आणि मीही आईबापामागं फडात गेले. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधायच्या, कोपीत (फडावरच्या झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळायचं. पुढं विसाव्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाले. गणितात 36 मार्क.

तरुण मुलांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीसाठी गेले. मुलाखतीत विचारलं, ‘तरुण मुलांबरोबरच काम का करायचंय?’ मोठं उत्तर काही सुचेना. म्हटलं, ‘मला 17 नंबरचा फॉर्म भरता येतो.’ सगळे हसले, पण घेतलं.

पहिलंच पोरगं आलं ते 19 वर्षांचं. आठवीत शाळा सुटलेली. फॉर्म ऑनलाइन असतो, तो भरायला अर्धा तास पुरतो. खरा घोळ असतो शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. त्याच्या शाळेत आम्ही चार खेपा घातल्या. एकदा हेडसर मीटिंगला, एकदा क्लार्क रजेवर, एकदा कपाटाची किल्ली नाही. पोरगं दरवेळी गेटबाहेरच थांबायचं. सहा फूट उसाला न भिणारं पोर, पण ऑफिसची पायरी चढवेना त्याला. मीही एकेकाळी अशीच बाहेर उभी राहिलेली, त्यामुळं बोलले नाही काही. चौथ्या खेपेला हाताला धरून आत नेलं.

जनरल रजिस्टर उघडलं तर त्यात नाव बाळू, आधारवर बाळासाहेब. जन्मतारीख अर्थातच 1 जून. (आमच्याकडं अर्धं गाव 1 जूनला जन्मलंय. गुरुजी पोराकडं बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख तीच टाकायचे. माझीही तीच आहे.) नाव दाखल्याप्रमाणेच ठेवलं, फॉर्म भरला, प्रिंट आणि कागद केंद्राच्या शाळेत नेऊन दिले.

मग मुकादम, म्हणजे तोडीची टोळी नेणारा. परीक्षा ऐन हंगामात आणि पोरानं उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, तर आधीच घेतलेली. कोयता म्हणजे तोडणाऱ्या दोघांची जोडी; त्यातला एक माणूस गेला की ती मोडते, त्यामुळं मुकादमाचाही जीव अडकलेला असतो, हे मला घरूनच माहीत. फोन पोरानं लावून दिला, बोलले मी. दोन दिवस हुज्जत घातली. शेवटी मुकादम म्हणाला, ‘शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी फडात पायजे.’

पेपरच्या आदल्या रात्री पोरगं सांगलीकडून एसटीनं आलं. दोन्ही हातांवर पाचटाचे ओरखडे. पिशवीतून हॉलतिकीट काढलं, त्यामागून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दाखल्याची झेरॉक्स.

‘अरे, हॉलतिकीट पुरतं आता.’

‘असू द्या ताई. परत मागितला तर?’