पोर्क-भाज्यांचं स्टर फ्राय जमेपर्यंत

पहिल्या वेळी कढईत पाणीच पाणी झालं. तापलेल्या तेलात पोर्कचे तुकडे टाकले, दोन-तीन सेकंद छान चरचर ऐकू आली आणि मग आवाज बसला. कडेने राखाडी फेस आला, तुकडे आक्रसले, तळाशी पाणी साठलं आणि त्यात ते खदखदायला लागले. मला वाटलं, पाणी आटलं की मांसाला रंग येईल. पाणी आटायला बारा मिनिटं लागली. तोवर मांस वातड झालेलं, आणि मधेच घातलेल्या गाजर, कोबी, ढोबळी मिरचीचा पार गाळ. सोया सॉस होता, आलं-लसूण होतं, चव वाईट नव्हती. पण स्टर फ्राय म्हणजे भाजीला करकरीतपणा आणि मांसाला खरपूस कड. त्यातलं काहीच ताटात नव्हतं.

रात्री ताईला फोन केला. सॉस कुठला घातला, किती घातला, हे ती विचारेल म्हणून मी सगळं आठवून ठेवलं होतं. तिने एवढंच विचारलं, "मांस टाकल्यावर आवाज किती वेळ टिकला रे?"

"दोन-तीन सेकंद."

"मग तिथेच बिघडलं. आवाज बसू द्यायचा नाही. बाकीचं नंतर बघू."

हे वाक्य डोक्यात ठेवून मी वाचायला लागलो, आणि आवाज का बसतो ते हळूहळू कळत गेलं. कच्च्या पोर्कच्या चरबी नसलेल्या भागात वजनाच्या सुमारे 70 ते 75 टक्के पाणी असतं. मांस तापलं की त्यातली प्रथिनं आकुंचन पावतात आणि ओला कपडा पिळावा तसं पाणी बाहेर काढतात. ते कढईत उतरलं की तेवढ्या जागेचं तापमान 100 अंशांच्या वर जातच नाही, कारण सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. आणि ती थोडीथोडकी नसते. साध्या पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसहा पटींहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. मांसाला जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो मेयार प्रक्रियेमुळे. लुई-कामिल मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. ही प्रक्रिया जोरात व्हायला साधारण 140 अंश तापमान लागतं. म्हणजे मी बारा मिनिटं मांस परततोय असं समजत होतो, प्रत्यक्षात ते उकडत होतो.

मग लक्षात आलं की पाणी मांसाच्या आत राहायला हवं आणि कढईत यायला नको. पुढच्या तीन खेपा मी याच एका गोष्टीमागे लागलो.

दुसऱ्या खेपेला सुरीवर लक्ष दिलं. पाठीकडचा, चरबी कमी असलेला मऊ भाग घेतला होता, 400 ग्रॅम. मांस मऊ असलं की सुरीखाली सरकतं आणि काप एकीकडे जाड, एकीकडे पातळ होतो. म्हणून तुकडा चाळीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला. दगड होऊ द्यायचा नाही, बाहेरून कडक आणि आत बोट जरा रुतेल इतपतच. बाहेर काढल्यावर उजेडात धरून रेषा शोधल्या. मांसात तंतू एका दिशेने धावतात, नीट बघितलं तर लाकडातल्या रेषांसारखे दिसतात. सुरी त्या तंतूंना आडवी चालवायची. उभी चालवली तर प्रत्येक घासात लांबलचक धागे येतात आणि दातांना ते तोडावे लागतात. आडवं कापलं की धागे सुरीनेच तोडलेले असतात. मी तीन-चार मिलिमीटर जाडीचे आणि साधारण दोन बोटं लांबीचे काप केले. पहिल्या वेळच्या चौकोनी तुकड्यांशी तुलनाच नको, एवढा फरक पडला. माझ्या मते या पदार्थातलं अर्धं काम इथे होतं आणि यात घाई करणाऱ्याला पुढे कुठलाही सॉस वाचवू शकत नाही.

मांस धुतलं नाही. नळाखाली धरलं की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, चिरून ठेवलेल्या भाज्यांवर उडतात आणि जंतूही त्यांच्यासोबत जातात. शिवाय आपल्याला पाणी नको आहे. कागदी रुमालाने दोन्ही बाजूंनी टिपून घेतलं. मांसाची सुरी आणि पाट वेगळा, भाज्यांचा वेगळा, हेही तेव्हापासून कायम.

या खेपेला मांस मऊ झालं, पण पाणी सुटलंच. पहिल्यापेक्षा कमी, तरी सुटलं.

तिसऱ्या खेपेला खाण्याचा सोडा वापरून बघितला. चिनी स्वयंपाकघरांत मांस परतण्याआधी ते कॉर्नफ्लोअर, सोया सॉस वगैरेंत मुरवून मुलायम करायची रीत आहे, आणि घरी करताना बरेच जण त्यात चिमूटभर सोडा घालतात. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे मांसाच्या पृष्ठभागावरची प्रथिनं तापल्यावर एकमेकांना तितकी घट्ट धरत नाहीत, म्हणून पाणीही कमी पिळलं जातं. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर वरून पांघरुणाचं काम करतो. हे वाचून मी उत्साहाने सपाट चमचाभर सोडा घातला आणि तासभर ठेवला. मांस मऊ झालं हो, पण स्पंजासारखं, आणि मागाहून जिभेवर साबणाची चव. ते ताट संपवणं जड गेलं. 400 ग्रॅमला पाव छोटा चमचा आणि पंधरा ते वीस मिनिटं, यापुढे जायचं नाही.

आता मी त्यात एक मोठा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, मिरपूड, एक मोठा चमचा पाणी आणि वरचा सोडा घालतो. मग बोटांनी चोळत राहायचं. सुरुवातीला पाणी भांड्याच्या तळाशी दिसतं, दोन मिनिटांत दिसेनासं होतं आणि काप चिकट, जड लागतात. मांसाने ते पिऊन घेतलेलं असतं. शेवटी एक छोटा चमचा तेल, म्हणजे कढईत काप एकमेकांना चिकटत नाहीत.

तिसऱ्या खेपेलाच आणखी एक गोष्ट पकडली, ती कढईची. तोवर मी नॉनस्टिक वापरत होतो. तिच्या लेपाला फार ताप चालत नाही, 260 अंशांच्या वर तो खराब व्हायला लागतो, म्हणून मी नकळत आच कमी ठेवत होतो. लोखंडी कढई काढली. कढई आधी रिकामीच तापवायची आणि तेल नंतर घालायचं. तापली का हे बघायला पाण्याचा एक थेंब टाकायचा. कोमट असेल तर थेंब पसरून बसतो, गरम असेल तर चुर्र करून उडून जातो, आणि चांगली तापली असेल तर मोत्यासारखा गोल होऊन कढईभर पळत सुटतो. खालच्या बाजूची वाफ त्याला उचलून धरते. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने 1756 मध्ये याबद्दल लिहिलं, आणि त्याने हे पाहिलं ते लालबुंद तापवलेल्या लोखंडी चमच्यात. मला हे वाचून फार आनंद झाला. थेंब पळाला की तो पुसून घ्यायचा, मग दीड मोठा चमचा तेल, कढई फिरवून सगळीकडे लावायचं. तिळाचं खमंग तेल इथे नको, ते जळतं. ते शेवटी, गॅस बंद केल्यावर.

चौथ्या खेपेला ताईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन ओट्यावर कढईपासून हातभर लांब ठेवला. "तू फक्त ऐक," म्हटलं.

त्याआधीची तयारी पाऊण तास चालली होती. गॅस पेटवल्यावर चिरायला वेळच मिळत नाही, सगळं मिळून सात-आठ मिनिटांचा खेळ असतो. म्हणून वाट्या ओळीने मांडल्या होत्या: मांस, गाजराच्या तिरक्या पातळ चकत्या, ब्रोकोलीचे लहान तुरे, ढोबळी मिरचीच्या पट्ट्या, कांद्याची पात (पांढरा भाग वेगळा, हिरवा वेगळा), बारीक चिरलेलं आलं-लसूण, आणि सॉसची वाटी. ब्रोकोली उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात घातली होती आणि मग फडक्यावर पसरून कोरडी केली होती. बाकीच्या भाज्याही धुऊन पूर्ण वाळवलेल्या. भाज्यांत तर 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यात वरचं ओलं आणखी कशाला.

मांस अर्धंच टाकलं. इथे पूर्वी मी चुकत होतो. घरचा गॅस हॉटेलच्या भट्टीपेक्षा कित्येक पट कमी ताकदीचा असतो. सगळं मांस एकदम पडलं की कढई गार होते आणि गॅस तिला परत वर आणू शकत नाही. अर्धं टाकलं तर आणू शकतो. काप एका थरात पसरले आणि हात मागे घेतला. हलवायचा मोह होतो, पण पाऊण मिनिट हलवायचं नाही, तेवढ्या वेळात खालच्या बाजूला रंग येतो. आवाज टिकला. मधे किंचित खाली गेला, आणि पुन्हा चढला.

"हं," ताई म्हणाली. "आता उलट."

उलटलं तर खालची बाजू तपकिरी, कडा जरा गडद, आणि कढईच्या तळाशी पाण्याचा टिपूस नाही. आणखी पाऊण मिनिट परतून ताटलीत काढलं. मग थोडं तेल आणि उरलेलं अर्धं.

पोर्क कच्चं राहील या भीतीने मी आधी ते पाच-पाच मिनिटं जास्त ठेवत असे, आणि ही भीती बहुतेकांना असते. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी आतलं तापमान 63 अंश सेल्सियस आणि वर तीन मिनिटं तसंच ठेवणं पुरेसं ठरवलं. त्याआधी ते 71 अंश सांगत. खिम्यासाठी मात्र 71 च. तीन-चार मिलिमीटरचा काप दोन्ही बाजूंनी तपकिरी होईपर्यंत आतून 63 च्या पुढे गेलेला असतो आणि नंतर सॉसमध्ये परत एकदा तापतो. तरी मी सगळ्यात जाड काप सुरीने उघडून बघतोच.

भाज्यांचं मग फार अवघड नाही. कडक आधी, मऊ नंतर. गाजर दीड मिनिट, ढोबळी मिरची आणि पातीचा पांढरा भाग एक मिनिट, ब्रोकोली अर्धं. मीठ अजिबात नाही. मिठाने पाणी सुटतं, आणि सॉसमध्ये मीठ असतंच. आलं-लसूण कढईच्या मधोमध जागा करून, थोड्या तेलावर, वीस सेकंद. आधी घातलं तर मांसाला लागणाऱ्या आचेवर ते जळून कडू होतं.

सॉस आधीच कालवून ठेवलेला: दोन मोठे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा व्हिनेगर, अर्धा छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, चार मोठे चमचे पाणी. कॉर्नफ्लोअर तळाशी जाऊन बसतं, म्हणून ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळायचं. मांस कढईत परत घातलं आणि सॉस मधे न ओतता कडेने सोडला. कढईची कड तापलेली असते, सॉस तिथे पडताच फुसफुसतो आणि त्याचा किंचित करपल्यासारखा सुरेख वास येतो. कॅन्टनी भाषेत ज्याला 'वोक हेइ', कढईचा श्वास, म्हणतात तो घरच्या गॅसवर पूर्ण मिळत नाही, पण त्याची झलक मला इथे मिळाली. आधी सॉस पांढुरका, गढूळ दिसला. उकळी फुटली तसा पारदर्शक झाला आणि प्रत्येक कापाला, प्रत्येक तुऱ्याला चकाकी देऊन चिकटला. तीस-चाळीस सेकंदच. पातीचा हिरवा भाग, तिळाच्या तेलाचे काही थेंब, आणि गॅस बंद.

ओट्यावरून आवाज आला, "थांबलं का रे? बंद केलास?"

"हो ताई. ताटात काढतोय. पाणी नाही सुटलं."

"ऐकलं मी. भात तयार आहे ना? मग फोन ठेव आणि बस जेवायला, निवेल ते."