नेब्रास्का : जमिनीखालच्या पाण्याचं राज्य

अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गाडीने पार करणारे बहुतेक लोक नेब्रास्का झोपेत ओलांडतात. नाकासमोर जाणारा रस्ता, दोन्हीकडे शेतं, बघण्यासारखं काही नाही, असं आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींचंही मत होतं. मी मार्च महिना मुद्दाम निवडला आणि ओमाहाहून पश्चिमेला निघालो. आता कोणी विचारलं की अमेरिकेत काय बघू, तर मी या राज्याचं नाव आधी घेईन. शेती, गुरं, पक्षी, गावं, राजकारण, इथे कशाचाही माग काढत गेलं की आपण जमिनीखालच्या पाण्यापाशी येऊन पोचतो. आणि ते पाणी एकट्या जमीनमालकाचं नाही, सगळ्यांचं आहे, हे इथल्या कायद्यात पक्कं बसलेलं आहे.

राज्याचा आकार सुमारे २ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण दोन तृतीयांश महाराष्ट्र. लोकसंख्या मात्र २०२०च्या जनगणनेत २० लाखांच्याही आत. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं ओमाहा आणि लिंकनच्या आसपासच्या तीन काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत. बाकीचं राज्य मोकळं. जमीन सपाट वाटते, पण पूर्वेला मिसुरी नदीकाठी अडीचशे-तीनशे मीटरवर असलेली उंची पश्चिम टोकाला १,६५० मीटरपर्यंत जाते. चढ इतका संथ की कळतच नाही. पाऊस मात्र उलटा, पूर्वेला सुमारे ८५० मिलिमीटर, तर पश्चिमेला जेमतेम ४००.

ग्रँड आयलंडच्या पुढे महामार्ग प्लॅट नदीच्या कडेने चालू लागतो. ओरेगॉनला निघालेल्या बैलगाड्यांची वाट हीच होती आणि युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळही याच खोऱ्यातून गेले. कार्नी गावाजवळ मी मुक्काम केला तो क्रौंचांसाठी. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रेन या नदीच्या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात उतरतात. पहाटे अंधारात आम्हाला नदीकाठच्या लाकडी आडोशात नेऊन बसवलं. मोबाइल बंद, बोलणं बंद. आधी फक्त आवाज होता, घशातून खळखळत येणारा, हजारो गळ्यांचा एकत्र. उजाडू लागलं तसं दिसलं, की वाळूचे दांडे वाटत होते ते पक्षीच होते, घोट्याएवढ्या पाण्यात खेटून उभे. उथळ पाण्यात कोल्ह्या-कुत्र्यांची चाहूल लगेच लागते, म्हणून ते रात्र पात्रातच काढतात. दिवसभर आजूबाजूच्या शेतांत सांडलेले मक्याचे दाणे टिपून अंगावर चरबी चढवतात आणि उत्तरेला कॅनडा, अलास्का, थेट सायबेरियापर्यंत जातात.

पण ही नदीही आता पूर्वीची नाही. वरच्या अंगाला धरणं झाली, कालवे निघाले, पूर कमी झाले. पूर नाही म्हणून वाळूवर विलो आणि कॉटनवुडची झाडं माजली आणि पात्र आकसलं. आता पक्षिमित्र संस्था दरवर्षी यंत्रं लावून झाडं काढतात, वाळू मोकळी करतात. जे काम पूर फुकट करत होता, ते माणसांना डिझेल जाळून करावं लागतंय. मला हे फार लागलं.

पुढे कोझॅड गावात १००व्या रेखावृत्ताची पाटी आहे. ऑक्टोबर १८६६मध्ये रूळ इथवर आले होते. या रेषेच्या पश्चिमेला पावसाच्या भरवशावर शेती धोक्याची, हा जुना अनुभव. १८६२च्या होमस्टेड कायद्याने कसेल त्याला १६० एकर जमीन देऊ केली आणि लोक धावले. पूर्वेकडे १६० एकरांत घर उभं राहिलं. पश्चिमेकडे माणसं मातीच्या ढेपांच्या घरांत राहिली, दुष्काळ आले, कित्येकांनी जमिनी सोडल्या. यातली बरीचशी जमीन पॉनी, ओमाहा, पोंका, लकोटा अशा मूळ रहिवासी लोकांकडून काढून घेतलेली होती, हे स्मारकांवर नेहमी ठळक लिहिलेलं नसतं.

चित्र बदललं ते विसाव्या शतकाच्या मध्यात. ओगालाला जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरून ठेवणारा थर, आठ राज्यांखाली पसरलेला आहे आणि त्यातलं सुमारे दोन तृतीयांश पाणी एकट्या नेब्रास्काखाली आहे. ते वर काढून शेतभर देणारं यंत्र, सेंटर पिव्हट, फ्रँक झायबाक या शेतकऱ्याने शोधलं. पेटंट १९५२चं. मध्यभागी विहीर, तिथून चाकांच्या मनोऱ्यांवर पेललेला पाव मैल लांबीचा पाइप, आणि तो अख्खा पाइप घड्याळाच्या काट्यासारखा शेतात फिरतो. मार्चमध्ये सगळे पिव्हट उभे होते, म्हणून एका शेतकऱ्याने मला तो जवळून दाखवला. सगळ्यात बाहेरचा मनोरा आधी हलतो. पाइप किंचित वाकला की आतल्या मनोऱ्याचं बटण दाबलं जातं आणि त्याची मोटर चालू होते. असं करत हालचाल बाहेरून आत सरकत येते. १६० एकरांच्या चौकोनात साधारण १३० एकरांचं वर्तुळ भिजतं, कोपरे कोरडे. २०१७च्या कृषिगणनेत या राज्याचं ओलित ८६ लाख एकरांच्या घरात होतं, देशात पहिलं.

हा शेतकरी इंपीरियल गावाकडचा, राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला. पिव्हट दाखवून झाल्यावर तो मला विहिरीपाशी घेऊन गेला आणि पाइपावरच्या मीटरचं झाकण उघडलं. आकडे मोटारीच्या मीटरसारखे. त्याला पाच वर्षांसाठी एकरी ठरावीक इंच पाणी मंजूर आहे. एका वर्षी जास्त वापरलं तर पुढे पोटाला चिमटा. मी विचारलं, "हे तुमच्यावर कोणी लादलं?" तो म्हणाला, "आम्हीच. मंडळ आम्ही निवडून देतो."

हे मंडळ म्हणजे नॅचरल रिसोर्सेस डिस्ट्रिक्ट. १९७२पासून राज्याची विभागणी अशा जिल्ह्यांत आहे, आज ते २३ आहेत. त्यांच्या हद्दी नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे आखलेल्या आहेत, काउंटीच्या सीमांप्रमाणे नाहीत. संचालक निवडणुकीने येतात, कर बसवू शकतात, नव्या विहिरींना मनाई करू शकतात, उपसा मोजू शकतात. ज्याने बोअरच्या नादात कर्ज डोक्यावर घेतलेली आणि शेवटी नुसता धुरळा बघितलेली गावं पाहिली आहेत, त्याला त्या मीटरपुढे उभं राहून काय वाटलं असेल ते वाचकांनी ओळखावं. सगळं आलबेल नाही. खतांमुळे विहिरींत नायट्रेट उतरलंय. रिपब्लिकन नदीचं जास्त पाणी वापरल्याबद्दल शेजारच्या कॅन्सस राज्याने दावा लावला आणि २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्काला ५५ लाख डॉलर भरायला लावले. पण मोजणारं आणि जाब विचारणारं कोणीतरी गावातच आहे.

सगळ्यांचं ते सगळ्यांच्या हाती, ही खोड इथे जुनीच. घरोघरी वीज पुरवणारी यंत्रणा पूर्णपणे सार्वजनिक मालकीची असलेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य. विधिमंडळाला एकच सभागृह आणि तिथे पक्षाच्या नावावर निवडणूक नाही, हेही देशात फक्त इथेच, १९३७पासून. या दोन्हींमागे मकुक गावचे सिनेटर जॉर्ज नॉरिस यांची मोठी धडपड होती.

नॉर्थ प्लॅटचं बेली यार्ड, जगातलं सर्वात मोठं रेल्वे यार्ड, मी मनोऱ्यावरून धावतं पाहिलं आणि ८३ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला वळलो. इथून सँडहिल्स सुरू होतात, जवळपास ५० हजार चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, सगळ्या गवताने बांधलेल्या. नांगर लावला तर वाळू उडून खड्डे पडतात, म्हणून इथे फक्त कुरणं आणि गुरं. राज्यात माणशी तीन गुरं पडतात. पूर्वेला मका, मक्यापासून इथेनॉल, उरलेला चोथा गुरांना, आणि मांसाचे कारखाने. यावर राज्यातली बरीच गावं जगतात. पाऊस वाळूत पडतो तो सरळ खाली मुरतो. टेकड्यांच्या मधली तळी म्हणजे उघडी पडलेली भूजलपातळीच. एका कुरणात पवनचक्की करकरत होती, पत्र्याची गोल टाकी काठोकाठ भरून सांडत होती आणि गुरं निवांत पीत होती. थेडफर्डच्या अलीकडे डिस्मल नदी लागते. झऱ्यांवर चालणारी ही नदी वर्षभर जवळजवळ एकाच पातळीने वाहते.

व्हॅलेंटाइनला नायोब्रारा ओलांडली. याच नदीच्या मुखापाशी पोंका लोकांची भूमी. १८७७मध्ये सरकारने त्यांना दक्षिणेला हुसकावलं. तिकडे मुलगा वारला तेव्हा त्याला पूर्वजांच्या मातीत पुरण्यासाठी प्रमुख स्टँडिंग बेअर भर हिवाळ्यात परत निघाले आणि पकडले गेले. १८७९मध्ये ओमाहाच्या न्यायालयात न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला, की इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, हाही कायद्याच्या दृष्टीने माणूस आहे. हे सांगायला न्यायालय लागलं.

परतीच्या वाटेवर नेली गाव लागतं. कीस्टोन एक्सएल तेलवाहिनी या भागातून न्यायची होती. ओगालालाच्या पाण्यात तेल मुरेल म्हणून कुरणवाले, शेतकरी आणि आदिवासी एकत्र उभे राहिले. नेलीजवळच्या एका शेतात २०१४पासून पोंकांचा पवित्र मका पेरला गेला आणि २०१८मध्ये शेतकरी दांपत्याने जमिनीचा तो तुकडा पोंकांच्या नावे करून दिला. २०२१मध्ये प्रकल्प रद्द झाला.

जाणार असाल तर मार्चचा दुसरा पंधरवडा धरा, क्रौंचांच्या आडोशाचं आरक्षण बरंच आधी करा, आणि सँडहिल्समध्ये शिरण्यापूर्वी टाकी भरून घ्या. पुढचा पेट्रोल पंप खूप लांब असतो.